रिकाम्या खाटेचा प्रश्न

सद्गुणांच्या पंक्तीत धैर्य, दया, त्याग ह्यांस मानाचे पान मिळते. तयारी ह्या गुणास मात्र कोणी पाटावर बसवीत नाही. तो बिचारा कोठीघरात दाणागोटा मोजीत बसलेला असतो. पुरात उडी घालून बुडत्यास काढणाऱ्याचे पोवाडे होतात; पावसाळ्यापूर्वी नाल्यातील गाळ उपसणाऱ्याचे नावही कोणास ठाऊक नसते. ह्यात नवल नाही. धैर्य डोळ्यांना दिसते. तयारी जितकी चोख तितकी ती अदृश्य असते. तिचे फळ म्हणजे काही तरी न घडणे, आणि जे घडलेच नाही त्याबद्दल कृतज्ञता वाटणे मोठे कठीण. तथापि एक विषय असा आहे की, ज्यात तयारी हा केवळ व्यवहारचातुर्याचा भाग राहत नाही. तो नीतीचा प्रश्न होतो. इतकेच नव्हे, तर तयारीवाचून धैर्य आणि त्याग हे गुणही अन्यायाची साधने बनतात. भयंकर व अपरिचित अशा सांसर्गिक रोगाने पछाडलेला मनुष्य दाराशी आला असता त्यास घेण्यास आपली रुग्णालये सिद्ध असावीत की नाही, हा तो विषय. 'असावीत' असे उत्तर कोणीही चटकन देईल. पण त्या उत्तराची किंमत काय, ती कोणी भरावयाची, आणि ती भरावयास लावण्याचा आपणास हक्क काय, हे पाहू लागले म्हणजे उत्तर वाटते तितके सोपे राहत नाही.

प्रथम ही सिद्धता म्हणजे काय ते पाहू. समजा, दूरच्या गावाहून आलेला एक तापकरी सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढील रांगेत उभा आहे. तो कोठून आला, घरी आणखी कोण आजारी आहे, गुराढोरांशी किंवा रानातील प्राण्यांशी त्याचा संबंध आला होता काय, हे त्यास रांगेतच कोणी तरी विचारले पाहिजे. संशय येताच त्यास गर्दीतून बाजूस काढून अशा खोलीत नेले पाहिजे की, जिचे दार निराळे आहे, जिच्यातील हवा बाहेरच्या ओसरीत येत नाही, उलट ओसरीतील हवा आत ओढली जाते, आणि जिच्यात तासास निदान बारा वेळा हवा पालटते. त्याच्याजवळ जाणाऱ्या डॉक्टरने व परिचारिकेने झगा, हातमोजे, मुखपट्टी, डोळ्यांवरील आच्छादन हे सारे चढवावयास हवे. आणि ते चढविण्यापेक्षा उतरविणे अधिक धोक्याचे असल्याने एकेक पायरी सांगणारे दुसरे माणूस समोर उभे हवे. रक्ताचा नमुना बांधून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे जावयास हवा. खोलीतील केर, चादरी, आणि दैव फिरल्यास मृतदेह, ह्यांची व्यवस्था आधी ठरलेली हवी. हे सारे वाचून एक गोष्ट ध्यानात येईल: वर्षाच्या बहुतेक दिवशी ह्यातील काहीच उपयोगास येत नाही. खोली रिकामी, खाट रिकामी, आणि माणसे रोगी सोडून तालीम करीत बसलेली. सिद्धता ह्या भारदस्त शब्दाचा उघडा अर्थ हाच की, काही तरी मुद्दाम रिकामे ठेवणे.

ही भीती कल्पनेतलीच आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने पडू लागली, आणि एक नवाच विषाणू जगास कळला; २०१६ साली तो आमच्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात दिसला. झिका ह्या रोगाचा राज्यातील पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यातील बेलसर ह्या खेड्यात सापडला. त्याच वर्षी महाबळेश्वराच्या एका गुहेतील वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा आढळल्याचे प्रसिद्ध झाले. मराठवाड्यापुरतेच बोलावयाचे तर ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगची ओरड झाली. प्लेग हा शब्द आजीच्या गोष्टीतला, असे समजून बसलेल्या पिढीस तो वर्तमानपत्रात वाचावा लागला. आमच्या शहरात करोनाच्या पहिल्या रुग्णाची नोंद मार्च २०२० च्या मध्यास झाली, आणि वुहान हे नाव त्यापूर्वी चार महिने येथे कोणाच्या तोंडी नव्हते. नवा रोग केव्हा येईल हे सांगता येत नाही; पण तो येतच नाही, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

आता ह्या प्रश्नाची दुसरी बाजू. २०२३ पर्यंत औरंगाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या छत्रपती संभाजीनगरात पाणचक्कीपासून जवळच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. महाविद्यालय १९५६ साली निघाले. कागदोपत्री त्याचे नाव लांबलचक असले तरी सारा मराठवाडा त्यास 'घाटी' ह्या दोनच अक्षरांनी ओळखतो. जालना, बीड, परभणी, हिंगोली येथूनच नव्हे, तर बुलढाणा, जळगाव, अहिल्यानगर ह्या शेजारच्या जिल्ह्यांतूनही तेथे माणसे येतात. ज्यांस खासगी दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवणे परवडत नाही, त्यांचा शेवटचा आसरा अशीच रुग्णालये. आणि अशा रुग्णालयांत गर्दीच्या दिवसांत खाटांमधील जागेत गाद्या अंथराव्या लागतात, हे महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको. आमच्या नीतिशास्त्राच्या वर्गात हा विषय निघाला असता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आलेला माणूस जमिनीवर निजला असता, अजून न आलेल्या माणसासाठी खाट राखून ठेवणे, हा न्याय की क्रूरपणा?" तिने स्वतः आपल्या आईच्या उशाशी अशाच एका रुग्णालयात नऊ रात्री काढल्या होत्या, हे मागाहून कळले. तिचा प्रश्न पुस्तकातला नव्हता.

आणि तो दुबळाही नव्हता. सुखदुःखाचे गणित मांडणाऱ्या बेंथॅमच्या अनुयायास विचारले तर तो म्हणेल की, समोरचे दुःख निश्चित आहे, येणारे दुःख अनिश्चित आहे. निश्चितास सोडून अनिश्चितामागे धावणे हा हिशेबाचा दोष होय. दयाळू मनुष्य तर हिशेबही करणार नाही. त्यास डोळ्यांपुढील कण्हणे ऐकवत नाही. ह्यावर सामान्यतः असे उत्तर देण्यात येते की, साथ पसरली तर हजारो मरतील, आणि त्या हजारांपुढे जमिनीवरील एकाची गैरसोय ती काय! हे उत्तर आम्हांस रुचत नाही. ज्याची गैरसोय होते तो नेहमी गरीबच असतो, आणि 'हजारों'च्या नावाने एकास जमिनीवर ठेवण्याची सवय लागली म्हणजे ती कोठे थांबेल ह्याचा नेम नाही. म्हणून ह्या विद्यार्थिनीचे समाधान व्हावयाचे तर संख्येच्या जोरावर होऊ नये. ज्या माणसाविषयी ती बोलत होती त्याच माणसाच्या हिताने व्हावे.

ते तसे होऊ शकते. संसर्ग ह्या वस्तूचा स्वभावच असा आहे की, तो 'आलेला' आणि 'न आलेला' हा भेद मानीत नाही. मे २०१८ मध्ये केरळातील कोझिकोड जिल्ह्यात निपाहचा उद्भव झाला, तेव्हा पहिला रुग्ण पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयात दाखल झाला होता. रोग ओळखता आला नाही. येण्याचा संभवच कोणाच्या मनात नव्हता. त्या उद्भवात बहुतेकांस रोग जडला तो रानात नव्हे, बाजारात नव्हे, तर रुग्णालयातच: शेजारच्या खाटेवर, तपासणीसाठी ताटकळत बसलेल्यांच्या गर्दीत, आप्ताची शुश्रूषा करताना. त्याची शुश्रूषा करणारी एक तरुण परिचारिका २१ मे रोजी मृत्यू पावली. एकंदर सतरा माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, जून २०१९ मध्ये, एर्नाकुलम जिल्ह्यात तोच रोग एका तरुणास झाला. ह्या वेळी संशय लवकर घेण्यात आला, खोली तयार होती, माणसे शिकलेली होती. तो तरुण वाचला, आणि त्याच्यापासून दुसऱ्या कोणासही रोग झाला नाही. ह्यात दैवाचा वाटा मुळीच नसेल असे आम्ही म्हणत नाही. एकेका रुग्णाची संसर्गशक्ती निरनिराळी असते. पण दोन वर्षांतील अंतर केवळ दैवाचे नव्हते, हेही खचित. तात्पर्य, रिकामी खाट जमिनीवरील रोग्यापासून हिरावून घेतलेली नसते. ती त्याच्या आणि अपरिचित मृत्यूच्या मध्ये उभी केलेली भिंत असते. ती नसेल तर पहिला बळी पडावयाचा तो बंगल्यात राहणारा नव्हे, दाटीने निजलेला हाच पडावयाचा. मुलीच्या आईच्या वतीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या आईच्याच वतीने असे देता येते.

परंतु आमच्या मते ह्याहूनही बलवत्तर असे दुसरे कारण आहे, आणि ते रोग्याविषयी नसून त्याच्या उशाशी उभ्या असलेल्या माणसाविषयी आहे. अथेन्समधील प्रख्यात साथीचे वर्णन करताना थ्यूसिडिडीस ह्या इतिहासकाराने नमूद केले आहे की, वैद्य अधिक मेले, कारण ते रोग्यांकडे अधिक गेले. आणि नागरिकांतही ज्यांस मित्राकडे पाठ फिरविण्याची लाज वाटली तेच आधी गेले. चोवीस शतकांनंतर हा नियम बदललेला नाही. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबादेत क्रिमियन-काँगो ताप भारतात प्रथमच ओळखला गेला. तो ओळखला जाईपर्यंत त्या रोगी स्त्रीवर उपचार करणारा एक डॉक्टर व एक परिचारिका ह्यांस तो जडला होता, आणि ती दोघेही वाचली नाहीत. संसर्गाची निवड अशी उलटी आहे की, जो कर्तव्य चुकवितो तो वाचतो, आणि जो करतो तो मरतो. मग ह्या माणसांपाशी आपण कर्तव्य मागतो ते कोणत्या अधिकाराने?

१९९४ साली बीडमागोमाग सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली तेव्हा लाखो लोक शहर सोडून गेले, आणि त्यांत खासगी दवाखान्यांस कुलूप लावून गेलेले डॉक्टरही पुष्कळ होते. त्यांस भ्याड म्हणणे सोपे आहे. आम्हीही त्यांची तरफदारी करणार नाही. वैद्यकीची पदवी घेताना माणूस जे पत्करतो त्यात संकटकाळही येतोच. पण कर्तव्य हे एका हाताने वाजणारी टाळी नव्हे. सैनिकास आघाडीवर पाठविणारे राष्ट्र त्यास बंदूक देते, काडतूस देते, आणि मागून रसद येईल असा शब्द देते. हे न देता त्यास पुढे ढकलणे ह्यास कोणी युद्ध म्हणत नाही. परिचारिकेस उघड्या हातांनी अपरिचित तापाच्या रोग्याकडे पाठविणारा समाज तिच्यापाशी कर्तव्य मागत नसतो. तिचा बळी मागत असतो, आणि त्यास कर्तव्याचे नाव देत असतो. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकास त्यात औषधाइतकेच स्थान आहे. एक पाय मोडला तर चौपाई उभी राहत नाही, हे ज्यांनी इतक्या पूर्वी ओळखले त्यांच्या वंशजांनी त्या पायास सर्वांत स्वस्त समजावे, हे शोभत नाही.

येथे त्यागाविषयी एक शब्द स्पष्टपणे लिहिला पाहिजे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले ह्यांनी आपला दत्तक पुत्र डॉ. यशवंत ह्यांच्याकरवी पुण्याबाहेर दवाखाना चालविला, रोग्यांची सेवा स्वतः केली, आणि तोच रोग जडून १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलास त्यांनी पाठीवर वाहून आणले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ह्या मृत्यूपुढे मान लववावी तितकी थोडीच. पण मान लववून झाल्यावर विचारावे की, त्या मुलासाठी डोली का नव्हती? त्यागाची थोरवी त्याग करणाराची असते. तो करावा लागला ह्याची लाज इतरांची असते. आणि ज्या समाजास ही लाज वाटत नाही तो पुढच्या साथीची योजनाही नव्या त्यागांच्या भरवशावर आखू लागतो. साधूने आपण होऊन उपवास केला तर ते तप. यजमानाने स्वयंपाक न करता पाहुण्याच्या तपाची स्तुती करावी, हे कोणते आतिथ्य? २२ मार्च २०२० च्या सायंकाळी पाच वाजता आपण सर्वांनी गच्चीत उभे राहून टाळ्या व थाळ्या वाजविल्या. त्या भावनेस आम्ही खोटी म्हणत नाही. मात्र पुढील काही आठवड्यांत ठिकठिकाणी परिचारिकांस घर सोडण्यास सांगितले गेले, जिन्यात त्यांची वाट चुकविली गेली, हेही आपणच केले. कृतज्ञता स्वस्त होती तोवर दिली. तिला किंमत पडू लागताच हात आखडला.

राज्यकर्त्यांच्या बाजूनेही हाच दोष दिसतो. १८९७ च्या फेब्रुवारीत झालेला साथरोगांचा कायदा अवघ्या चार कलमांचा. त्यात सरकारास अधिकार दिले आहेत, आज्ञा मोडणारास शिक्षा सांगितली आहे, अधिकाऱ्यास संरक्षण दिले आहे. पण रोग्यास खाट देण्याचे किंवा त्याच्या परिचारकास रक्षिण्याचे कर्तव्य सरकारावर घातलेले नाही. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या अमलाखाली सोजिरांनी घरे झडतली, आणि लोक रोग्यांस माळ्यावर लपवू लागले. रुग्णालय हे बरे होण्याचे ठिकाण नसून नेले जाण्याचे ठिकाण आहे, अशी एकदा समजूत झाली म्हणजे कितीही खाटा मांडल्या तरी त्या रिकाम्याच राहतात, आणि ते रिकामेपण तयारीचे नसते, अविश्वासाचे असते. ह्याच कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवर हल्ला करणारास कैदेची शिक्षा सांगण्यात आली. दुरुस्ती योग्यच, पण सव्वाशे वर्षांनंतरही कायद्यास शिक्षेची भाषा लवकर सुचली, सिद्धतेची सुचली नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अधिकार साथीच्या दिवशी गाजविता येतो. विश्वास मात्र साथ नसलेल्या वर्षांतच मिळवावा लागतो.

इतके म्हटल्यावरही विद्यार्थिनीच्या प्रश्नातील एक काटा शिल्लक राहतोच, आणि तो नाही असे भासविणे अप्रामाणिकपणाचे होईल. भिंत कितीही हिताची असली, तरी आज रात्री जमिनीवर निजलेल्यास ती ऊब देत नाही. त्याच्याच हितासाठी त्याच्याकडूनच किंमत घ्यावयाची, आणि आपण सुरक्षित अंतरावरून तिचे समर्थन करावयाचे, ह्यात काही तरी वाकडे आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की, खाट राखून ठेवण्याचा अधिकार समाजास दोन अटींवर मिळतो. पहिली अट, रिकामेपण शक्य तितके थोडे असावे. दुसरी, त्याची किंमत जमिनीवरील मनुष्याने नव्हे, छप्पर असलेल्यांनी भरावी.

पहिल्या अटीसंबंधी अनुभव असे सांगतो की, रिकामी ठेवावयाची वस्तू खाट नसून सवय आहे. आणि सवय रिकामी ठेवून टिकत नाही, रोज वापरून टिकते. निराळे दार व निराळी हवा असलेल्या खोलीत क्षयाचे, गोवराचे, घटसर्पाचे रोगी ठेवता येतात. वेळ येताच ती मोकळी कशी करावयाची एवढे ठरलेले असले म्हणजे झाले. हात धुणे, रांगेत प्रश्न विचारणे, झगा नेमाने उतरविणे, ही कामे रोजच्या रोगांतच हाडीमासी खिळतात. नुसत्या पैशाने हे साधत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील डॅलस शहरी, साधनांची यत्किंचितही वाण नसलेल्या रुग्णालयात इबोलाचा रोगी आला. तो आफ्रिकेतून आल्याचे त्याने सांगितले असताही प्रथम त्यास घरी पाठविण्यात आले, आणि पुढे त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांस रोग जडला. उलट आमच्याच शहरात २०२० साली चिकलठाण्याच्या मेल्ट्रॉनच्या इमारतीचे पाहता पाहता रुग्णालय झाले. भिंती अशा काही आठवड्यांत उभ्या राहतात, पण शिकलेले हात आठवड्यांत उभे राहत नाहीत. चरकसंहितेत जनपदोद्ध्वंसाचे, म्हणजे सारा देश उद्ध्वस्त करणाऱ्या साथीचे, जे प्रकरण आहे, त्यात गंगाकाठी फिरताना आत्रेय आपल्या शिष्यास सांगतात की, ऋतू बिघडण्याची चिन्हे दिसत आहेत, औषधींचा रस नष्ट होण्यापूर्वीच त्या खणून आणा. आत्रेयांस विषाणू ठाऊक नव्हता. पण तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे ठाऊक होते. ज्या मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी हे शहर खडकी ह्या नावाने वसविले, त्यानेही प्रथम जमिनीखालून पाण्याची नहर आणली. त्या खोदकामाचा खर्च त्या काळी कोणास उधळपट्टी वाटला असेल. त्या नहरींच्या पाण्यावर पुढे पिढ्या जगल्या.

दुसरी अट आपणासारख्यांशी निगडित आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाने सरकारी रुग्णालयाशी असलेला संबंध बहुधा तोडून टाकला आहे. विम्याचे कार्ड खिशात असले म्हणजे घाटीतील खाटांची चिंता दुसऱ्यांची, असे आपण समजतो. नवा रोग हा समज प्रथम खोटा पाडतो. विमा खाटेचे बिल देतो. खाट देत नाही, आणि ओळख नसलेला विषाणू ओळखणारी नजर तर नाहीच नाही. तेव्हा शेजारच्या सरकारी रुग्णालयात परिचारिकांच्या किती जागा मोकळ्या आहेत, संशयित रोग्यास ठेवण्याची खोली कोठे आहे, शेवटची तालीम केव्हा झाली, हे प्रश्न नगरसेवकास व आमदारास विचारणे हे परोपकाराचे काम नव्हे. नागरिकाचे साधे काम होय. रस्ता उखडला की आपण अर्ज करतो. ह्यासाठी कोणी अर्ज केल्याचे क्वचित ऐकू येते. ह्याखेरीज काही कामे अशी आहेत की, ज्यांस सरकारही नको. डॉक्टरने विचारले असता प्रवास व सहवास लपवू नये. आजारी मोलकरणीस रजा देताना पगार कापू नये. कापला तर ताप अंगावर काढून ती कामास येईल, आणि दोष आपण तिच्या अडाणीपणास देऊ. रुग्णालयात काम करणाऱ्या स्त्रीस खोली भाड्याने देताना कपाळावर आठी पडू देऊ नये. कोणी म्हणेल, ह्या फार बारीक गोष्टी झाल्या. बारीक आहेत खऱ्या. पण रुग्णालयाची सिद्धता रुग्णालयाच्या फाटकाशी सुरू होत नाही, ती अशा घरांतून सुरू होते.

शेवटी पुन्हा त्या न आलेल्या रोग्याकडे वळू. आपल्या भाषेत त्याच्यासाठी एक जुना शब्द आहे. ज्याच्या येण्यास तिथी नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची फोड आपले पूर्वज करीत. जुन्या गृहस्थाश्रमात जेवावयास बसण्यापूर्वी अशा अनाहूतासाठी अन्न बाजूस काढण्याची चाल होती; आणि ती केवळ श्रीमंतांची नव्हती, जेथे मुलांसच अर्धपोटी उठावे लागे अशा घरांतूनही ती पाळली जाई. घरातले भुकेले असता न आलेल्यासाठी घास का ठेवावा, हा प्रश्न त्या गृहिणीसही पडत असेल. तिने त्याचे उत्तर तर्काने दिले नाही; आपल्या स्वतःच्या पानातला घास काढून दिले. मुलाच्या पानातला नव्हे, हे महत्त्वाचे. अपरिचित रोग घेऊन येणारा मनुष्यही असाच बिनतिथीचा असतो. तो कोण असेल हे आज कोणास सांगता येणार नाही. तो परदेशाहून परतलेला आपला मुलगा असेल, किंवा ऊसतोडीहून परतलेला कोणाचा तरी बाप. त्याच्यासाठी खाट राखली पाहिजे, ह्यात आम्हांस आता शंका नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ती कोणाच्या पानातून काढलेली आहे हे राखणाराने दर वेळी पाहावे.